एकतीस जून

डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात सगळ्यात अंधारी खोली कॉम्प्युटरची होती, आणि तिथे बसणाऱ्या साहेबांना मात्र आपल्यालाच तेवढं सगळं स्वच्छ दिसतं याची ठाम खात्री होती. अख्खं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे 'पंडित' म्हणायचं. तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांना तो मानच वाटला असता.

दर सोमवारी सकाळी नऊला पंडित सगळ्या विभागांच्या लोकांना मीटिंगच्या खोलीत कोंडून ज्ञान पाजायचे. विषय कायम एकच, डेटाबेसमधल्या तारखा कशा सांभाळाव्यात. त्यांनी पंचवीस युक्त्यांची एक पुस्तिका स्वतः टाइप करून, स्वतः छापून, स्वतःच्याच प्रस्तावनेसह काढली होती. युक्ती क्रमांक सात: महिन्याची यादी मागताना 'एकतीस तारखेपर्यंत' असं मागू नका, कारण कॉम्प्युटर एकतीस तारीख सुरू होते त्या ठोक्यालाच थांबतो आणि त्या दिवशीची सगळी माणसं बाहेर राहतात, 'पुढच्या एक तारखेच्या आत' असं मागा. युक्ती क्रमांक पंधरा: टेबलात, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यात, बदल करण्याआधी बदलणार ते आधी नुसतं बघून घ्या. नर्स माना डोलवायच्या, त्यातल्या निम्म्या झोपेनं. युक्त्या मात्र एकूण एक खऱ्या होत्या, हे कबूल करायला हवं. माणूस पोपटासारखा बोलायचा, पण पोपट चांगल्या घरी शिकलेला होता.

पंडितांच्या हाताखाली एकच बाई होती. डॉक्टरांना यादी हवी, औषधवाल्यांना आकडे हवेत, कोणाला काही हवं की डेटाबेसला बरोबर प्रश्न विचारून ती ते काढून द्यायची. अशा प्रश्नाला त्या खोलीत क्वेरी म्हणत, म्हणून तिचं नाव पडलं क्वेरीबाई. चौदा वर्षं हेच करून तिचा स्वभावही तसाच झाला होता. घरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी कोणी टाकलं, कधी टाकलं आणि आधी चाखलं होतं का, एवढं विचारल्याशिवाय ती घास घ्यायची नाही. दुसऱ्याची चूक सापडली की तिचा चेहरा उजळायचा, आणि हे तिच्या नवऱ्याला सोडून कोणी तिला सांगायच्या भानगडीत पडत नसे.

नवरा बस चालवायचा. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही, असं तो स्वतःच सांगायचा, दिवसातून दोनदा. जूनमध्ये डेपोच्या डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू काढला, म्हणजे शोधून काढला, आणि त्याला बसवरून खाली उतरवलं. वीस डिसेंबरला शेवटची तपासणी. तोवर दिसायला लागलं तर ठीक, नाही तर स्टिअरिंग कायमचं सुटलं. मग डेपोच्या फाटकावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

"ज्याला नंबर दिसत नाही त्याला नंबर लिहायला बसवणार!" तो म्हणाला. "काय ती अक्कल!"

ऑपरेशन दुसरीकडे करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून क्वेरीबाईनं आपल्याच हॉस्पिटलच्या मोफत यादीत त्याचं नाव स्वतःच्या हातानं घातलं आणि ती निर्धास्त झाली. तो दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बस आवाजावरून ओळखायचा. "बघ, बघ, गिअर कसा ओरबाडला गाढवानं," असं तो भिंतीला सांगायचा. तिला हसू यायचं, आणि लगेच ओसरायचंही. बस नसेल तर हा माणूस काय करेल, हे तिला माहीत होतं. काहीच करणार नव्हता.

ऑक्टोबर निम्मा सरला तरी बोलावणं येईना. डोळा बसायला तीन आठवडे लागतात, म्हणजे ऑपरेशन नोव्हेंबर संपायच्या आत व्हायला हवं. त्यात शेजारच्या जिन्यातल्या शिक्षिकेनं ऑक्टोबरच्या एक तारखेला नाव घातलं आणि दहा तारखेला ती काळा चष्मा लावून मिरवायला लागली. क्वेरीबाईनं यादी उघडली. एकूण तीनशे अठरा नावं, आणि नवरा तीनशे अकरावा.

यादी लावणारी क्वेरी पंडितांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिली होती. नोंदणीच्या तारखेप्रमाणे क्रम लावा, एवढंच. क्वेरीत काही खोट नव्हती. मग तिनं टेबल उघडलं आणि कपाळावर हात मारला. तारखेचा कॉलम तारखेचा नव्हताच, टेक्स्टचा होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती तारीख नसून नुसती अक्षरं होती, आणि अक्षरं तो शब्दकोशासारखी डावीकडून लावत होता. आधी दिवस, मग महिना, आणि साल सगळ्यात शेवटी. एक तारखेला नाव घातलेला माणूस कुठल्याही महिन्यातला असो, रांगेच्या तोंडाशी. एकतीस तारखेचा शेपटाला. दर महिन्याला नवे एक तारखेवाले पुढे घुसायचे आणि एकतीसवाले बसल्या जागी म्हातारे व्हायचे. नवऱ्याच्या नावापुढे एकतीस होतं. तिची नजर त्या आकड्यावरच अडकली, पुढे गेलीच नाही.

राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर चेहराही उजळला. ती तशीच पंडितांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, तारीख टेक्स्टमध्ये आहे."

"कोणाची?"

"सगळ्यांचीच."

पंडितांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अकरा वर्षं यादी चालतेय. एक तक्रार दाखवा."

"तक्रार लिहायला दिसायला नको का, साहेब? डोळ्यांचे पेशंट आहेत."

"बाई, चालत्या गाडीला खीळ घालू नका."

"तुमचीच युक्ती क्रमांक तीन. तारीख तारखेच्याच कॉलममध्ये ठेवा, टेक्स्टमध्ये ठेवाल तर पस्तावाल. पान चार."

"पुस्तिका नव्या सिस्टिमसाठी आहे."

"मग जुन्या सिस्टिमसाठी काय?"

"अनुभव," पंडित म्हणाले, आणि त्यांनी स्क्रीनवर एक आलेख उघडून दाखवला. महिन्याच्या एक तारखेला नोंदणीच्या खिडकीवर गर्दी उसळते आणि शेवटच्या आठवड्यात शुकशुकाट असतो, असा तो आलेख होता. 'जनजागृतीचा परिणाम' या नावानं त्यांनी तो एका परिषदेत वाचला होता आणि त्याबद्दल काचेचं स्मृतिचिन्ह मिळवलं होतं. ते स्मृतिचिन्ह टेबलावर होतं. त्यात ते पेन ठेवायचे.

एक तारखेच्या गर्दीचं गुपित तिला खिडकीवरच्या काकांनी सांगितलं. काका नोंदणीच्या खिडकीत बसून आधी जाड रजिस्टरात हातानं नाव लिहायचे, पेशंटला शिक्का मारून चिठ्ठी द्यायचे, आणि मग आतून कोणीतरी ते कॉम्प्युटरवर चढवायचं.

"ते टेक्स्टबिक्स्ट मला कळत नाही," काका म्हणाले. "एक तारखेला नाव घातलं की पंधरवड्यात बोलावणं येतं आणि महिनाअखेरीला घातलं की येत नाही, एवढं दहा वर्षांपासून ठाऊक आहे. ओळखीच्यांना मी सांगतोच. त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना सांगितलं. झाली जनजागृती."

"मग पंडितांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कधी? ते फक्त सांगतात." काकांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "अगं, तू एवढी डोकेफोड कशाला करतेस? नवऱ्याच्या तारखेतल्या तीनचं शून्य कर. एकतीसचं शून्य एक. एक आकडा! पंडितांच्या मेव्हण्याचा बावीसचा शून्य दोन झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय."

तिनं ते घरी सांगितलं, नवऱ्यानं दोन मिनिटं टर उडवावी म्हणून. तो उडी मारून उठला.

"कर की मग! वाट कसली बघतेस?"

"खोटी तारीख घालू?"

"सगळे घालतात ना?"

"चुकीच्या कॉलमला खोट्या आकड्याचं ठिगळ? आणि तेही मी लावू? जन्मभर लोकांना नावं ठेवली, ती काय यासाठी?"

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि परत खिडकीशी जाऊन बसला. "तुझं नाक वर राहू दे. माझे डोळे गेले तर गेले."

हे तिच्या जिव्हारी लागलं. त्याचं चुकलं नव्हतं, हे कळत होतं म्हणून जास्तच लागलं. रात्रभर... छे, कसली रात्रभर, ती दमली होती, लगेच झोपली. पण सकाळी उठली ती ठरवूनच, आणि कामावर जाऊन तडक मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये शिरली.

मोठ्या बाई म्हणजे मुख्य सर्जन. दिवसात आठ माणसांचे डोळे उघडणारी बाई, तिला लांबण ऐकायची सवय नव्हती. क्वेरीबाईनं यादीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. वरून तिसऱ्या नावापुढे चार वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि पहिल्या पानावर वरून तिसऱ्यापुढे याच महिन्यातली.

"हा माणूस चार वर्षं थांबलाय?"

"हो, बाई."

"का?"

"महिन्याच्या एकतिसाव्या दिवशी आला म्हणून."

मोठ्या बाईंनी फोन उचलला आणि पंडितांना असं काही झाडलं की बाहेर बसलेला शिपाई उठून उभा राहिला. शुक्रवारपर्यंत कॉलम तारखेचा झाला पाहिजे, नाही तर पुस्तिकेसकट घरी. पंडितांनी गुरुवारीच काम उरकलं. त्याच दिवशी त्यांनी पुस्तिकेत युक्ती क्रमांक सव्वीस घातली: 'आपल्या जुन्या टेबलांकडेही अधूनमधून नम्रतेने पाहावे.' खाली सही.

शुक्रवारी दुपारी क्वेरीबाईनं नवी यादी काढली. आठवड्याला वीस मोफत ऑपरेशनं व्हायची, सोमवारपासून नोव्हेंबर सुरू, म्हणजे महिनाअखेरीपर्यंत ऐंशी जणांचा नंबर लागणार. ऐंशीच्या आत नाव असलं की झालं. तिनं वरून खाली वाचलं. मग खालून वर. मग नाव टाइप करून शोधलं. यादीत दोनशे एक्याऐंशी माणसं होती आणि नवरा त्यांत नव्हताच.

सदतीस माणसं गळली होती. टेबलात ती होती, पण त्यांचा तारखेचा रकाना रिकामा होता, आणि यादीची क्वेरी 'आजपर्यंत नोंदवलेले' मागत होती. रिकामी तारीख कॉम्प्युटरच्या हिशेबी आजच्या आधीचीही नसते आणि नंतरचीही नसते, त्यामुळे ती माणसं कशातच बसत नव्हती. जुना टेक्स्टचा कॉलम पंडितांनी जपून ठेवला होता, तेवढी अक्कल होती. तिनं त्यात या सदतीस जणांच्या मूळ तारखा पाहिल्या आणि फस्सकन हसली. तीस फेब्रुवारी. एकतीस एप्रिल. एकतीस सप्टेंबर. एका बहाद्दरानं तर बत्तीस मार्च घातला होता! टेक्स्टच्या कॉलमला काय, काहीही चालतं. खऱ्या तारखेच्या कॉलमनं त्या कॅलेंडरात नसलेल्या दिवसांना दारातूनच हाकललं होतं. कोण ही गाढवं, म्हणत ती खाली गेली आणि शेवटच्या ओळीशी आली. एकतीस जून. नाव नवऱ्याचं. नोंद करणारीच्या रकान्यात तिचं स्वतःचं लॉगिन.

हसू तोंडातच राहिलं.

मग सगळं आठवलं. तीस जूनला डेपोच्या डॉक्टरांचं पत्र हातात पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला खिडकीवर उभं केलं, चिठ्ठी घेतली, आणि आत येऊन घाईघाईनं नाव चढवलं. काल तीस होती, म्हणून आज एकतीस. हात चालत गेला. तिनं पर्स उपसून चिठ्ठी काढली. काकांचा शिक्का स्वच्छ होता: एक जुलै.

एक जुलै! म्हणजे शून्य एक! तिनं खरी तारीख घातली असती तर पंडितांच्या त्या भिकार, उलट्या यादीतही नवरा जुलैतच वर आला असता आणि आज बस चालवत असता. आणि काकांनी सांगितलं होतं ते, एकतीसचं शून्य एक कर, तीच तर खरी तारीख होती. महिना तेवढा पुढचा. ज्याला लबाडी म्हणून तिनं नाक मुरडलं ते खरं होतं आणि छातीठोकपणे जपलं ते खोटं. स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं तिला वाटलं, पण खोलीत पंडित होते.

तारीख दुरुस्त करायला आता नवा फॉर्म निघाला होता. चिठ्ठी जोडायची, नोंद कोणी केली ते लिहायचं, चुकीचं कारण लिहायचं, साहेबांची सही घ्यायची. तिनं फॉर्म भरला. कारण: 'नोंद करणारीचा निष्काळजीपणा.' एक जुलै धरून नंबर काढून पाहिला तर एकसष्ट येत होता. ऐंशीच्या आत, एकोणीस जागा राखून. सोमवारी पंडितांसमोर इतर कागदांच्या मध्ये फॉर्म सरकवायचा, ते न वाचता सही करतात, की सुटलो. घरी तिनं फक्त एवढंच सांगितलं की नंबर एकसष्ट आहे. नवऱ्यानं आरशासमोर उभं राहून गणवेश घालून पाहिला आणि बटण कुठे तुटलंय ते बोटांनी चाचपून सांगितलं.

सोमवारच्या मीटिंगला मोठ्या बाईही येऊन बसल्या होत्या, म्हणून पंडितांना अंगात आलं होतं. त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात दाखवलं: एकतीस जून. खोली खदखदली.

"हसा, हसा," पंडित म्हणाले. "आम्ही रात्रीचा दिवस करून कॉलम सुधारायचा आणि लोकांनी असले दिवे लावायचे! ज्याला जूनचे दिवस मोजता येत नाहीत त्यानं कीबोर्डला हात तरी का लावावा? मी म्हणतो, असा माणूस या इमारतीत आहे तरी कोण?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ती गप्प बसली असती तर विषय तिथेच संपला असता, फॉर्म पुढे दुपारी होताच. पण चौदा वर्षं दुसऱ्यांना 'कोणी केलं' विचारलेल्या बाईला ते ऐकून बसवेना.

"मी," ती उभी राहून म्हणाली. "माझ्या नवऱ्याची नोंद. मीच केली."

हसणं थांबलं. पंडितांचं तोंड गोड पदार्थ दिसल्यासारखं झालं. "तुम्ही? क्वेरीबाई? ज्या मला पान चार वाचून दाखवत होत्या त्या?"

खोली परत हसली, आणि या वेळी काकाही हसले. तेव्हा तिचं डोकं फिरलं. ती तरातरा पुढे गेली, पंडितांच्या हातातला कीबोर्ड ओढला आणि म्हणाली, "एकच का साहेब, सदतीस आहेत. बाकीच्या छत्तीस कोणी केल्या तेही सगळ्यांना दिसू दे." एवढीशी क्वेरी, तिनं उभ्या उभ्या लिहिली. भिंतीवर यादी उमटली. दिवस, आणि त्यापुढे नोंद करणाऱ्याचं लॉगिन. एकतीस एप्रिल, पंडित. तीस फेब्रुवारी, पंडित. एकतीस सप्टेंबर, पंडित. बत्तीस मार्च, पंडित. मधेच दोन नर्स, एक सोडून गेलेला कारकून, आणि परत पंडित. एकूण अठ्ठावीस वेळा पंडित. त्या वर्षांत माणसं कमी होती आणि साहेब स्वतः टाइप करायचे.

कोणी हसलं नाही. पंडितांनी चष्मा काढला, पण पुसायला रुमाल सापडेना. क्वेरीबाईला असं सुख चौदा वर्षांत मिळालं नव्हतं. ते साधारण अर्धं मिनिट टिकलं.

"काकांच्या रजिस्टरातून सगळ्या खऱ्या तारखा काढा," मोठ्या बाई म्हणाल्या. "सदतीसच्या सदतीस. आजच. आणि हिनं शोधलंय, तर प्रत्येकाला फोन हिनंच करायचा. येणार असतील तर नंबर लावा. तीनदा लावून उचलला नाही तर नाव मागे."

दुपारपर्यंत तारखा लागल्या. छत्तीसच्या छत्तीस एक जुलैच्या आधीच्या होत्या. कोणी दीड वर्षांचं, कोणी तीन, कोणी पाच. सगळी माणसं रांगेत आपापल्या जागी जाऊन उभी राहिली, नवऱ्याच्या पुढे. एकसष्टाचा सत्त्याण्णव झाला.

"सत्त्याण्णव?" घरी नवऱ्यानं विचारलं. "शुक्रवारी एकसष्ट होता ना?"

तिनं सगळं सांगितलं. एकतीस जूनसुद्धा.

"म्हणजे पंधरा दिवस मी त्या पंडिताला शिव्या घालतोय," तो म्हणाला, "त्यातल्या निम्म्या तुझ्या होत्या."

"हो."

"आणि आज तोंड मिटून बसली असतीस तर एकसष्ट?"

"हो," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

फोन तिनं दुसऱ्या दिवशी सुरू केले. सतरा जण गळले तर नवरा ऐंशीवर येत होता, हे गणित तिनं कागदावर लिहिलं नव्हतं, पण त्याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं. पहिला फोन लागला नाही. दुसऱ्या घरच्या माणसानं ऑपरेशन दुसरीकडे केव्हाच करून घेतलं होतं आणि त्यानं हॉस्पिटलची यथेच्छ हजेरी घेतली. ती "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिली आणि मनात म्हणाली, शहाण्णव. तिसऱ्या घरी सून बोलली.

"आईंना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटी काहीच दिसत नव्हतं त्यांना."

क्वेरीबाईचा जीव भांड्यात पडला. पंचाण्णव. फोन ठेवल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. पण चौथा नंबर फिरवताना ती पुन्हा तेच मागत होती.

"आज किती गेले?" संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं.

"कुठे?"

"वर. किंवा दुसऱ्या हॉस्पिटलात. कुठेही."

"असं बोलू नका हो."

"तू मोजतेस ते चालतं, मी विचारलेलं चालत नाही?"

गुरुवारपर्यंत पस्तीस नावं झाली. एकोणीस जण येणार होते, सोळा गळले होते. नवरा एक्याऐंशीवर. राहिलं होतं एकच नाव, रजिस्टराप्रमाणे सगळ्यात जुनं, सहा वर्षांचं, पंडितांचं तीस फेब्रुवारी. तिथे मंगळवारी फोन लावला, उचलला नाही. बुधवारी लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजत होता. दहा वेळा वाजला. तिनं 'उचलला नाही'च्या चौकोनावर बोट आणून ठेवलं. बारा वेळा. पंडित त्यांच्या टेबलाशी मान खाली घालून पुस्तिकेतली प्रस्तावना खोडत होते, त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. कोणाचंच नव्हतं. पंधराव्यांदा खरखर झाली.

"थांबा हं," एक म्हातारा आवाज म्हणाला. "ठेवू नका. मला भिंत धरत धरत यावं लागतं. दोनदा येईपर्यंत बंदच झाला बाई. कोण?"

क्वेरीबाईचं बोट अजून चौकोनावरच होतं. अजून काही बोललेलं नव्हतं. नुसता फोन खाली ठेवायचा होता.

"डोळ्यांच्या हॉस्पिटलातून का?" म्हातारीनं विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला दुसरा कोणाचा फोन येणार? मुलगी म्हणायची, आई, ते विसरले. मी म्हटलं, यादी आहे, विसरतील कसे? वेळ लागत असेल."

"हो," क्वेरीबाई म्हणाली. "वेळ लागला. सोमवारी सकाळी आठला या. कोणाला तरी बरोबर घेऊन या."

"या सोमवारी? खरंच या सोमवारी?" म्हातारी हसली का रडली, कळलं नाही. "फार चांगलं काम करता हो तुम्ही. तुमच्या घरच्यांचे डोळे कायम शाबूत राहोत."

क्वेरीबाईनं फोन ठेवला, नावापुढे 'येणार' असं टाइप केलं, आणि सोमवारची तारीख कॅलेंडर समोर धरून दोनदा तपासली.